लग्नाच्या वाढदिवसाला बेळगावात जेवण आणि कॉकटेल: दोघांत किती, कधी आणि कशासोबत?

खानापूरहून एका तरुणानं विचारलं आहे. डिसेंबरात लग्नाला वर्ष होतंय, आणि त्या संध्याकाळी बायकोला बेळगावातल्या एखाद्या चांगल्या, दोन पैसे जास्त घेणाऱ्या डायनरमध्ये न्यायचं आहे. स्वतः मित्रांबरोबर व्हिस्की-सोडा घेतात, बायकोनं एकदा वाइन चाखली आहे, कॉकटेल मात्र दोघांनीही कधी घेतलेलं नाही. ती शाकाहारी, अंडंही खात नाही. ते स्वतः सगळं खातात. कुठलं कॉकटेल मागवावं, जेवणाबरोबर काय जमतं, आणि मेन्यू हातात आल्यावर गोंधळ होऊ नये म्हणून काय माहीत असावं, असा प्रश्न.

कुठलं कॉकटेल ते सांगतोच. पण अशा जेवणाचा विचका बहुतेक वेळा होतो तो वेळ चुकल्यामुळे. रात्री मोठं जेवण आहे म्हणून दुपारचं खाणं टाळलेलं असतं. साडेसातला माणसं येऊन बसतात आणि आधी ड्रिंक सांगतात. बारला एक कॉकटेल करायला चार-पाच मिनिटं पुरतात, म्हणून ग्लास लगेच येतो. किचनला स्टार्टर द्यायला वीस मिनिटं लागतात, तंदूरचं असेल तर पंचवीस. त्या मधल्या वेळात पहिला ग्लास रिकाम्या पोटी संपतो, दुसरा येतो, आणि मग स्टार्टर आणि मेन कोर्स एकामागोमाग येऊन टेबल भरून जातं. एव्हाना जिभेला काही कळेनासं झालेलं असतं.

यामागचं कारण साधं आहे. आमच्या धंद्यात बारच्या चिठ्ठीला बीओटी म्हणतात आणि किचनच्या चिठ्ठीला केओटी. दोन चिठ्ठ्या दोन काउंटरला जातात आणि त्या काउंटरचं एकमेकांशी बोलणं नसतं. मेळ घालणं हे कॅप्टनचं, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाचं काम, पण शनिवारी रात्री त्याच्याकडे आठ-दहा टेबलं असतात. म्हणून तुमच्या टेबलाचा मेळ तुम्हीच घालायचा. बसल्याबरोबर एक स्टार्टर सांगा आणि साधं पाणी मागवा. दहा मिनिटांनी पहिलं ड्रिंक सांगा, म्हणजे दोन्ही जवळपास एकत्र येतील. मेन कोर्स तेव्हा सांगूच नका. कॅप्टननं आग्रह केलाच तर "होल्डवर ठेवा, मी सांगितल्यावर लावा" एवढंच म्हणा. 'होल्ड' हा शब्द किचनमध्ये सगळ्यांना कळतो.

आणि निघायच्या आधी, पाच-साडेपाचला, घरी काहीतरी खाऊन घ्या. तुपाची पोळी, दही-भात, शेंगदाण्याचा लाडू, काहीही चालेल, पण त्यात थोडी चरबी किंवा प्रथिनं असावीत. दारू पोटातून लहान आतड्यात गेली की झपाट्यानं रक्तात उतरते. पोटात अन्न असलं की ती तिथं थांबते आणि हळूहळू पुढं सरकते. भुकेल्या पोटी तोच ग्लास दुप्पट चढल्यासारखा वाटतो.

आता माप. हे पक्कं समजून घ्या, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे. आपल्याकडे स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज म्हणजे ६० मिली. भारतात बाटलीबंद होणाऱ्या बहुतेक व्हिस्की, रम, जिन ४२.८ टक्क्यांच्या असतात. त्या हिशेबानं ६० मिलीत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. १५० मिलीच्या वाइनच्या ग्लासात सुमारे १५ ग्रॅम, ३३० मिलीच्या पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये सुमारे १३. नेग्रोनीसारखं छोट्या ग्लासातलं ड्रिंक (३० जिन, ३० कंपारी म्हणजे कडवट लाल लिकर, ३० गोड वर्माउथ म्हणजे मसाल्याची वाइन) दिसायला इवलंसं असतं, पण तेही २० ग्रॅमच्या घरात जातं. लाँग आयलंड आइस्ड टी नावावरून चहासारखा वाटतो. त्याच्या मूळ कृतीत पाच प्रकारची दारू प्रत्येकी १५ मिली, म्हणजे ७५ मिली असतात. त्याच ठिकाणी प्रत्येकी ३० टाकले तर दीडशे मिली होतात, आणि कोला-लिंबाखाली त्याची चव लपते. पहिल्यांदाच कॉकटेल घेणाऱ्या कुणालाही मी ते सुचवणार नाही.

मेन्यूवर माप छापलेलं नसेल तर नि:संकोच विचारा: "यात ३० आहे की ६०?" हा प्रश्न विचारणाऱ्याला बारमागचा माणूस अडाणी समजत नाही. उलट मग तो माप नीट घालतो.

किती घ्यावं हे माणसावर अवलंबून आहे. वजन, सवय, त्या दिवशीची झोप, चालू असलेली औषधं, सगळं यात येतं. कागदावरचा हिशेब सांगतो. ६५ किलोच्या पुरुषानं ६० मिलीचं एक ड्रिंक घेतलं तर रक्तातलं प्रमाण १०० मिलीमागे ४५ मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. ५० किलोच्या बाईनं तेच घेतलं तर सत्तरच्या पुढं जातं, कारण स्त्रियांच्या शरीरात वजनाच्या मानानं पाणी कमी असतं आणि दारू पाण्यात पसरते. म्हणून "तुम्ही दोन घेतलीत, मीही दोन घेते" हा हिशेब बरोबरीचा वाटला तरी तसा नसतो. माझा सल्ला: तुम्ही ६० मिलीची दोन, तीही दोन-अडीच तासांत पसरून. वहिनींनी ३० मिलीची दोन, किंवा एकच आणि पुढं बिनदारूचं. त्या गरोदर असतील किंवा तशी शक्यता असेल तर अजिबात नाही. मेट्रोनिडॅझोलसारख्या गोळ्या चालू असतील तरी नाही. त्यांच्यावर दारू घेतली तर मळमळ, ओकारी, धडधड होऊ शकते. आणि त्यांना त्या दिवशी नको वाटलं तर तो विषय तिथंच संपला. बिनदारूचं चांगलं कसं मागवायचं ते खाली सांगितलं आहे.

वयाचं एक: कर्नाटकात बारमध्ये २१ पूर्ण नसलेल्याला दारू देत नाहीत. गोव्यातल्या अठराच्या नियमाची सवय झालेली पोरं इथं येऊन वाद घालतात. दोघांचंही ओळखपत्र जवळ असू द्या.

मोटारवाहन कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. वरचा आकडा पुन्हा बघा. एका लार्जनंतरही तुम्ही ती ओलांडलेली असू शकता. रक्तातलं हे प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं उतरतं. कॉफी, लिंबूपाणी, आंघोळ यानं तो वेग वाढत नाही. पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडापेक्षा मला तो बेळगाव-खानापूर रस्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. पंचवीसेक किलोमीटर, रात्री अंधार, समोरून गोव्याची वाहनं, डिसेंबरात मधेमधे धुकं. येताना स्वतः गाडी आणायची आणि परतीचं नंतर बघू म्हणायचं, असं करू नका. गावातला ओळखीचा ड्रायव्हर सांगून ठेवा, नाहीतर टिळकवाडी-कॅम्पात एखादी खोली घेऊन राहा. रात्री अकरानंतर खानापूरला यायला रिक्षा तयार होत नाही.

आता जागा कशी पारखायची. काँग्रेस रोड, क्लब रोड, कॉलेज रोड, कॅम्प या पट्ट्यात कॉकटेलचा मेन्यू असलेली ठिकाणं आहेत, पण मेन्यू असणं वेगळं आणि कॉकटेल जमणं वेगळं. आपल्या शहरात अजून व्हिस्की-सोडा आणि बिअरच जास्त खपते. कॉकटेल दिवसाला चार-पाच गेली तर त्याचं सामान पडून राहतं आणि पडून राहिलेलं सामान बिघडतं.

सगळ्यात आधी बिघडतं ते वर्माउथ. ती मसाले घातलेली वाइनच असते. बाटली उघडली की ती फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. कित्येक बारमध्ये ती दिव्याखाली शोभेला उभी असते, वर्षभर. तिच्यातून केलेल्या मार्टिनीला (जिन आणि वर्माउथचं ड्रिंक), नेग्रोनीला शिळ्या सफरचंदाचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि घेणाऱ्याला वाटतं की हे ड्रिंकच असं लागतं. म्हणून विचारा, "वर्माउथ फ्रिजमध्ये ठेवता का?" उत्तर अडखळत आलं तर त्या दोन्ही वाटांना जाऊ नका. पहिल्या वेळेला तसंही जाऊ नये, दोन्ही कडक आणि कडवट आहेत.

दुसरी गोष्ट लिंबू. "लिंबू ताजं पिळता की बाटलीतलं?" कॉकटेलची निम्मी चव तिथं ठरते. कागदी लिंबाचा रस पिळल्यापासून काही तासांतच उतरायला लागतो. सकाळी पिळून जगमध्ये भरून ठेवलेला रस रात्री कडसर लागतो. बाटलीतल्या कॉर्डियलमध्ये, म्हणजे लिंबाच्या तयार सरबतात, साखर आधीच असते. बारटेंडरनं त्यावर पुन्हा पाक टाकला की ड्रिंक सरबतासारखं गोड होतं, आणि "कॉकटेल म्हणजे गोड पाणी" हे मत तिथूनच बनतं. उन्हाळ्यात लिंबू महागलं की ही काटकसर वाढते. तुम्ही डिसेंबरात जाताय ते या बाबतीत बरं आहे.

तिसरी बर्फ. शेजारच्या टेबलावरचा ग्लास बघा. बर्फाचे खडे जाड, कोरडे, टणक असतील तर ठीक. आतून पोकळ, पातळ भिंतीचे, ओले असतील तर मशीन लहान आहे आणि गर्दीत अर्धवट गोठलेला बर्फ काढावा लागतोय. तो ग्लासात पडला की पाच मिनिटांत ड्रिंक पांचट होतं. कॉकटेलला पाणी लागतंच, शेक करताना आकारमानाच्या चौथाईएवढं किंवा थोडं जास्त पाणी त्यात उतरतं आणि तेच त्याला गोलाई देतं. पण ते शेकरमध्ये, बारा-पंधरा सेकंदांत उतरायला हवं. टेबलावर वीस मिनिटं नव्हे. अशा जागी बिनबर्फाचं, थंड ग्लासात गाळून दिलेलं ड्रिंक मागवा आणि दहा मिनिटांत संपवा.

गोव्यात बघितलेल्या बाटल्या इथं का नसतात, असं बरेच जण विचारतात. कर्नाटकात परवानाधारकाला माल राज्याच्या पेय महामंडळाकडूनच, म्हणजे केएसबीसीएलकडून घ्यावा लागतो, २००३ पासून. त्या यादीत नसलेली बाटली कुठलाही सरळ चालणारा बार ठेवू शकत नाही. चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्यात सहज मिळणारं लिकर इथल्या मेन्यूवर नसतं ते म्हणून. तुम्ही गोव्याहून आणलेली बाटली टेबलावर उघडायला मागू नका. त्यांच्या परवान्यावर येतं.

आता ड्रिंक. तुम्ही व्हिस्की-सोडा घेणारे, म्हणून पहिलं व्हिस्की सावर घ्या. ६० व्हिस्की, २५ ताजा लिंबूरस, २० साखरेचा पाक, जोरात शेक केलेलं. ओळखीची चव आहे आणि आंबटपणानं भूक उघडते. त्यात अंड्याचा पांढरा बलक घालायची पद्धत आहे, वरचा दाट फेस त्याचाच. तुम्हाला चालतो, पण वहिनी तुमच्या ग्लासातला घोट घेणार असतील तर "बिनअंड्याचं" असं आधीच सांगा. बारटेंडर स्वतःहून सांगेलच असं नाही.

वहिनींसाठी उंच ग्लासातलं, ३० मिलीचं. सावरसारखं आखूड ड्रिंक निम्म्या मापात मागितलं तर तळाला चार घोट येतात आणि फसल्यासारखं वाटतं. उंच ग्लासात सोडा वाढवून तोल राखता येतो. टॉम कॉलिन्स मागवा: ३० जिन, १५ लिंबू, १५ पाक, वरून शंभरेक मिली सोडा. किंवा त्यांच्याकडे कोकम असेल तर जिन-कोकम-सोडा, आपल्या जिभेला सगळ्यात लवकर पटणारं. इथं एक गोष्ट नक्की विचारा: कोकम म्हणजे आगळ की अमृत कोकम? आगळ खारं असतं, ते १५ मिली पुरतं आणि त्याला १५ मिली पाक लागतो. अमृत कोकम गोड असतं, ते २५-३० मिली घालून दहा मिली लिंबू पिळायचं, पाक नाही. नव्या पोराला हा फरक माहीत नसतो. आगळ सरबतासारखं ओतलं की ड्रिंक समुद्राच्या पाण्यासारखं खारट होतं, आणि अमृत कोकमात पाक घातला की घशाखाली उतरत नाही.

गोडाबद्दल आणखी एक. आपल्याकडच्या बारमध्ये कॉकटेल सहसा गोडाकडे झुकतं, कारण बहुतेक गिऱ्हाईक तक्रार करतं ते आंबट झालं म्हणून. "साखर कमी, लागली तर वाढवू" असं सांगा. मराठीत कळेना तर कानडीत "सक्री कम्मी हाक्री" म्हणा, काम होतं. कमी गोड ड्रिंकमध्ये पाक वाढवता येतो. गोड झालेलं परत आणता येत नाही.

मोहितो (रम, लिंबू, साखर, पुदिना, सोडा) घ्यायचाच असेल तर बारमध्ये ताजा पुदिना दिसतो का बघा. हिरव्या सिरपचा मोहितो दात घासल्यासारखा लागतो. ताजा पुदिनासुद्धा हलकाच दाबायचा असतो. कुटून लगदा केला की कडू उतरतो आणि पानांचे तुकडे नळीत अडकतात.

जेवण. दोघांना एक स्टार्टर शाकाहारी, एक तुमच्यासाठी, एवढं पुरे. प्लेटमध्ये सहा-आठ तुकडे असतात. त्यावर सूपही घेतलं तर मेन कोर्सच्या वेळी पोट भरलेलं असतं. जुळणीचा माझा नियम तळलेल्यापासून सुरू होतो. तळलेलं असेल, म्हणजे रवा लावलेली सुरमई, कोळंबी, चीज बॉल, तर आंबट आणि सोड्याचं ड्रिंक. लिंबू-कोकम तोंडातलं तेल कापतं. तंदूरचं असेल, पनीर टिक्का, मशरूम, कबाब, तर व्हिस्की. जळक्या कडांना तिची लाकडी चव धरून राहते.

तिखटाचं मात्र जपून. सावजी मटण किंवा कोल्हापुरी रस्सा डायनरच्या मेन्यूवर असेल आणि तुम्हाला तोच हवा असेल, तर त्याच्याबरोबर कडक ड्रिंक नको. मिरचीनं पेटलेल्या जिभेवर अल्कोहोलची आग वेगळी लागते, सोड्याचे बुडबुडे ती आणखी टोचवतात, आणि माणूस विझवायला म्हणून आणखी घोट घेतो. नेहमीपेक्षा जास्त प्यायली जाते ती अशी. तिखटाबरोबर थंड, किंचित गोड, कमी दारूचं काहीतरी घ्या, नाहीतर सरळ सोलकढी किंवा ताक. माझं मत विचाराल तर सावजी खायला वेगळा दिवस काढा. त्या जेवणाला स्वतःचा मान आहे, त्याला कॉकटेलची सोबत लागत नाही.

पास्ता, ग्रिल्ड भाज्या, सिझलर असं मागवणार असाल तर दुसरं ड्रिंक म्हणून वाइनचा ग्लास चांगला. ७५० मिलीच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास होतात, म्हणजे तुमच्या आधी ती कुणीतरी उघडलेली असणार. "बाटली कधी उघडली?" विचारा. आज किंवा काल असेल तर घ्या. चार दिवस झाले असतील तर ती व्हिनेगरच्या वाटेला लागलेली असते. मलईदार ग्रेव्ही असेल तर तुमचं दुसरंही सावरच ठेवा, ते तूप-क्रीम कापतं.

जेवणाच्या शेवटी तुम्हाला कडक हवंच असेल तर ओल्ड फॅशन्ड. ६० व्हिस्की, एक चमचाभर पाक, बिटर्सचे, म्हणजे मसाल्यांच्या कडू अर्काचे दोन शिंतोडे, मोठ्या बर्फावर अर्धा मिनिट ढवळून, वर संत्र्याची साल पिळून. तो तुमच्या दोनांपैकी दुसरा समजायचा, तिसरा नव्हे. यात चूक होते ती दोन ठिकाणी. संत्र्याची फोड आणि चेरी तळाला कुटून वर सोडा ओतला तर ते फळांचं पाणी होतं. आणि पाक जास्त पडतो. बऱ्याच भारतीय ब्लेंडेड व्हिस्क्यांत मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं, आपल्या साखर कारखान्यांतून निघते तीच मळी. त्या मुळातच मऊ-गोडसर असतात, त्यांना निम्मा पाक पुरतो. बंगळूरच्या अमृतसारखी सिंगल माल्ट असेल तर ती कॉकटेलमध्ये घालायला सांगू नका. तिचे पैसे चवीसाठी मोजलेले असतात, ती थोड्या पाण्याबरोबर घ्या.

वहिनी शाकाहारी आहेत म्हणून आणखी तीन जागा लक्षात ठेवा. ब्लडी मेरीमध्ये, म्हणजे व्होडका आणि टोमॅटो रसाच्या कॉकटेलमध्ये, वूस्टर सॉस पडतो. मूळ कृतीत त्यात मासे असतात, बाटलीवर हिरवा ठिपका आहे का ते विचारा. गोडातले पन्ना कोटा (क्रीमचं इटालियन पुडिंग) आणि न भाजलेला चीजकेक बऱ्याच वेळा जिलेटिन घालून घट्ट करतात, ते प्राण्यांपासून येतं. तिरामिसूत, म्हणजे कॉफीच्या इटालियन गोडात, अंडं असतं आणि बऱ्याचदा दारूही. कॅप्टनला "व्हेज आहे ना?" असं विचारलं तर तो सवयीनं हो म्हणतो. "यात अंडं किंवा जिलेटिन आहे का, किचनला विचारून सांगा" असं म्हटलं तर तो खरोखर आत जाऊन विचारून येतो.

बिनदारूच्या बाजूला मॉकटेलची लांबलचक यादी असते, त्यातली बहुतेक रंगीत सिरपची असतात, एका ग्लासात ४०-५० मिली सिरप. त्यापेक्षा बारला सांगा: अमृत कोकम, लिंबू, चिमूटभर जिरेपूड, सोडा, कॉकटेलच्याच ग्लासात. ग्लास सारखा असला की टेबलावर कुणी वेगळं पडत नाही. माझ्या मते बारची खरी परीक्षा यात होते. दारूच्या आधाराशिवाय तोल साधणारा माणूस बाकीचंही नीट करतो.

इथवरची संध्याकाळ एकदा ओळीनं: साडेपाचला घरी खाणं, साडेसातला टेबल, लगेच स्टार्टर आणि पाणी, दहा मिनिटांनी पहिलं ड्रिंक. सव्वाआठच्या सुमाराला मेन कोर्स सांगायचा, त्याच्याबरोबर दुसरं ड्रिंक. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी. साडेनवाला गोड, आणि त्यानंतर दारू नाही. लास्ट ऑर्डर किती वाजता ते बसतानाच विचारून ठेवा, म्हणजे शेवटी घाईघाईनं दोन ग्लास मागवले जाणार नाहीत.

'एकावर एक' ऑफर असेल तर दोन्ही ग्लास एकदम आणू देऊ नका. दुसऱ्यातला बर्फ तुम्ही पहिला संपवेपर्यंत विरघळलेला असतो. "दुसरं मी सांगितल्यावर बनवा" म्हणा. देत नसतील तर त्या ऑफरचा तुम्हाला उपयोग नाही.

बिलाकडे वळू. बिलात जेवण आणि दारू वेगवेगळी असायला हवी. दारू जीएसटीच्या बाहेर आहे. जेवणावर साधारण ५ टक्के लागतो. मोठ्या हॉटेलच्या आत, जिथं खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर आहे अशा ठिकाणी, १८ टक्के. सगळी बेरीज करून सरसकट जीएसटी लावलेला दिसला तर बिल बदलून मागा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. तो काढायला सांगितलात तर टिप मात्र हातात द्या. ज्या पोरानं तुमची चिठ्ठी होल्डवर ठेवून बरोबर वेळेला लावली, त्याच्या खिशात ती जायला हवी. बाटलीबंद पाण्याचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे हॉटेल लावू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये मान्य केलं आहे. साधं पाणी मागितलं की तो प्रश्नच येत नाही.

गोडाचं एक सुचवतो. डायनरचं डेझर्ट घ्यायलाच हवं असं नाही. संध्याकाळी जाताना कुंदा बांधून घ्या आणि घरी किंवा खोलीवर पोचल्यावर खा. आटलेल्या दुधाची ती खरपूस चव जेवणाच्या शेवटी कुठल्याही केकपेक्षा उजवी आहे, आणि त्यात अंड्या-जिलेटिनचा प्रश्न नाही.

राहिली तारीख. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सहसा असतं. त्या दिवसांत बंगळूरहून मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार, बंदोबस्ताचे पोलीस असे सगळे इथं येतात, खोल्या मिळत नाहीत आणि चांगल्या हॉटेलांत आठनंतर टेबल मिळत नाही. किचनवर ताण असला की वर सांगितलेल्या वेळाही कोलमडतात. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की तुमची तारीख त्यात येते का ते बघा. येत असेल तर सात वाजताचं टेबल धरा, शुक्रवार-शनिवार टाळा. फोन करताना चार गोष्टी विचारा: त्या दिवशी दारूविक्री चालू आहे ना (निवडणूक किंवा मिरवणुकीच्या दिवसांत प्रशासन बंद ठेवतं), फॅमिली सेक्शनमध्ये कॉकटेल देतात का, लिंबू ताजं असतं का, आणि कोपऱ्यातलं, स्पीकरपासून लांबचं टेबल मिळेल का. ड्रायव्हरलाही त्याच दिवशी सांगून ठेवा. अधिवेशनात गाड्याही आधीच ठरलेल्या असतात.